ज्या वर्षी येळवस येत नाही

2026 या इंग्रजी वर्षात वेळ अमावस्या नाही. मागची 19 डिसेंबर 2025 ला झाली, पुढची थेट 7 जानेवारी 2027 ला. उलट 2024 मध्ये ती दोनदा आली होती, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला. मुलांना शेती शिकवायची तर या घोळापासून सुरुवात करावी असे मला वाटते. कारण बीडचा शेतकरी सण चंद्राच्या तिथीवर करतो आणि पेरणी सूर्याच्या नक्षत्रावर. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो, हस्त सप्टेंबरअखेर. मार्गशीर्षातली अमावस्या मात्र डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कुठेही पडते. यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणून ती पुढे सरकली.

अंबाजोगाई, केज, परळी या लातूर-धाराशिवला लागून असलेल्या भागात तिला येळवस म्हणतात. नावाच्या दोन व्युत्पत्ती ऐकायला मिळतात, दोन्ही कन्नड. एळु म्हणजे सात, आणि ज्येष्ठापासून मोजले तर ही सातवी अमावस्या भरते. दुसरी, एळ्ळु म्हणजे तीळ. उत्तर कर्नाटकात हाच सण एळ्ळ अमावास्या या नावाने होतो आणि आपल्याकडेही त्या दिवशी तिळाची पोळी लागते, म्हणून मला दुसरी जास्त पटते. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते. सुट्टी असो-नसो, गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, तेच पांडव. डोक्यावरून आणलेल्या बिंदग्यात आंबील, म्हणजे ज्वारीचे पीठ शिजवून ताकात कालवलेली आणि मुरून आंबूस झालेली. ती पिकावर शिंपडत सगळे शेत फिरायचे. शिंपडणाऱ्याला प्रत्येक कोपऱ्यात जावेच लागते. मग कुठे ताटे खुजी राहिली, कुठे खोडकिडीने पोंगे वाळले, हरभऱ्यात घाटेअळी आहे का, हे नजरेतून सुटत नाही. पूजा म्हणा, पाहणी म्हणा. संध्याकाळी कडब्याची पेटती पेंढी घेऊन बांधावरून फिरतात. त्याने कीड मरते असे सांगणारे भेटतात. एका फेरीत कीड मरत नसते, पण पोरे मजेत धावतात हे खरे.

आता ताटाकडे येऊ. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर हे सगळे असले तरी मान भज्जीचा. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, भुईमूग, वांगी, मेथी, कांद्याची पात, हिरवी चिंच, वरून बेसन. कोणी काही वगळतो, कोणी घालतो. मला ही भाजी पिकांच्या हजेरीपटासारखी वाटते. तूर जूनमध्ये पेरलेली, सहा महिने रानात उभी. तिचे मूळ खोल जाते म्हणून पावसाचा खंड तिला सोसतो. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पातेल्यातली बहुतेक पिके द्विदल. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळायची शिफारस त्यासाठीच. हरभऱ्याचे बिवड चांगले, हे जुनी माणसे गाठी न पाहताच सांगत. मुलांना मात्र एक रोप हलक्या हाताने उपटून गाठी दाखवाव्यात. गाठ चिरली आणि आतून गुलाबी निघाली तर ती कामावर आहे.

ज्वारीचे गणितही याच दिवशी मांडता येते. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी 666 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून रब्बी ज्वारी बहुतेक ठिकाणी काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर येते. मालदांडी सुमारे 70 ते 75 दिवसांत फुलोऱ्यात येते, 120 दिवसांच्या पुढेमागे काढणीला. 1 ऑक्टोबरला पेरलेली ज्वारी मागच्या येळवसीला 79 दिवसांची होती, कणसे नुकती फुललेली. येत्या येळवसीला ती 98 दिवसांची असेल, म्हणजे हुरड्याच्या तोंडावर. तारखा फळ्यावर लिहा, वजाबाकी पोरांना करू द्या, आणि उत्तर शेतात जाऊन तपासा.

घटस्थापनेचेही असेच. रब्बीच्या पेरणीआधी शेतातली माती पत्रावळीवर घेऊन त्यात धान्य पेरतात; कृषी खाते ज्याला उगवणक्षमता चाचणी म्हणते, तिचा हा घरगुती नमुना. फक्त मोजून 100 दाणे टाकले की झाली चाचणी. सोयाबीनचे 70 उगवले तरच बियाणे पेरणीयोग्य धरतात.

सोयाबीनचे नाव निघालेच म्हणून सांगतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बीडचे खरीप कापूस आणि सोयाबीनकडे गेले, पण भज्जीत सोयाबीन नाही, भोगीच्या भाजीतही नाही. रान बदलले, ताट बदलले नाही. वाटाणा आणि गाजर तर आता अनेक घरी बाजारातूनच येतात. हा फरक लपवू नये. कोणते दाणे आपल्या बांधाआतले आणि कोणते पिशवीतले, एवढी यादी पोरांनी केली तरी जिल्ह्याची पीकपद्धती कळते.

अडचण निराळीच आहे. येळवस येते तेव्हा साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघालेले कोयते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत असतात, आणि मुले बरोबर. तिथे ती ज्या पाचटाच्या खोपटात राहतात त्याला म्हणतात कोपी. घरी सणाची कोप एका दिवसाची, तिथली पाच-सहा महिन्यांची. मागे राहिलेल्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात. 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृह योजनाही आणली. या मुलांचे आजी-आजोबा बहुधा गावातच असतात, आणि बिंदगे कसे भरायचे हे त्यांना ठाऊक असते.

तेव्हा गुरुजींनो, 7 जानेवारी 2027, गुरुवार. वसतिगृहातली मुले घेऊन शेतात या. पंगतीला बसायला त्या दिवशी आमंत्रण लागत नाही.