मिरची कशाला म्हणायचे?

स्वयंपाकघरातले शब्द : भाग ६

परभणीच्या भाजीबाजारात ‘पाव किलो मिरची द्या’ म्हटले की तागडीत हिरवी मिरची पडते. उन्हाळ्यात, वर्षाचे तिखट करून ठेवायच्या दिवसांत, हेच वाक्य किराणा दुकानात उच्चारले तर लाल, वाळलेली मिरची मिळते. भज्यांच्या गाड्यावर मिरची मागावी, तर तळून मीठ लावलेली पुढे येते. तिन्ही ठिकाणी विशेषण लागत नाही, प्रसंगच ते काम करतो. ढोबळ्या मिरचीला मात्र ही सवलत नाही. तिला ‘ढोबळी’, ‘भोपळी’ किंवा ‘सिमला’ म्हटल्याशिवाय कोणी ओळखत नाही, आणि नुसती ‘मिरची’ मागणाऱ्याच्या पिशवीत ती टाकली तर भांडण ठरलेले. ढोबळी आणि रोजची हिरवी मिरची या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या आहेत. तरी भाषा हिरवीला नुसत्या नावाने हाक मारते आणि ढोबळीला आडनावाशिवाय घरात घेत नाही. ‘मिरची’ हे मराठीत फळापेक्षा एका अनुभवाचे नाव आहे, असे मला वाटते ते यामुळे.

शब्दाचा जन्मही हेच सांगतो. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळे मिरे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘च’ गळाला आणि त्यातून आपला ‘मिरे’ आला. ‘मिरची’त तो ‘च’ शाबूत आहे, म्हणजे हा शब्द त्या जुन्या झिजेतून गेलेला नाही; तो मागाहून घडला. ते साहजिकच आहे, कारण मिरची मूळची अमेरिकेतली आणि ती इकडे आली पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. गंगाखेडची जनाबाई चौदाव्या शतकातली. तिच्या जात्याजवळ, उखळाजवळ मिरची असणे शक्यच नव्हते. तिखटपणा हवा तर मिरे, सुंठ, पिंपळी होती. नवे फळ आले तेव्हा लोकांनी त्याच्या रंगारूपाकडे पाहिले नाही. वाटोळा काळा दाणा आणि लांबट हिरवी शेंग यांत डोळ्यांना काय सारखे दिसणार? जिभेने जे ओळखले, त्यावर नाव पडले. कानडीत ‘मेणसु’वरून ‘मेणसिनकाई’, तमिळमध्ये ‘मिळगु’वरून ‘मिळगाय’ झाले, आणि कोलंबसाच्या स्पॅनिश भाषेतही काळ्या मिऱ्याच्या ‘पिमिएंता’वरून मिरचीचे ‘पिमिएंतो’ झाले.

यावर जाणकार म्हणतील की ही सरळसरळ गफलत आहे. मिऱ्याची वेल वेगळ्या कुळातली. मिरची ही वांग्याची, टोमॅटोची नातलग. एकीतले तिखट द्रव्य कॅप्सेसिन, दुसऱ्यातले पिपरिन. आक्षेप वनस्पतीपुरता खरा आहे, पण जिभेच्या बाबतीत तो टिकत नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये कॅप्सेसिन ओळखणारा मज्जातंतूंवरील ग्राहक (रिसेप्टर) शोधून काढला. या वाटेवरच्या कामाबद्दल २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. तो ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसपुढच्या उष्णतेलाही जागा होतो, आणि पुढे दिसून आले की पिपरिनही त्यालाच चेतवते. म्हणजे ज्यांनी मिऱ्यावरून मिरचीला नाव दिले त्यांना झाडाचे कूळ ठाऊक नव्हते, पण तोंडात काय होते ते त्यांनी अचूक धरले होते.

तिखट ही खरे तर चव नव्हे, दाह आहे. मराठीने हे क्रियापदातच सांगून ठेवले आहे. मिरची ‘झोंबते’. झोंबतो तो गार वारा, झोंबतात ते आखाड्यातले मल्ल. हा शब्द अंगाला भिडण्याचा आहे, चाखण्याचा नाही. साखर कधी कोणाला झोंबत नाही. ‘तिखट’ही ‘तीक्ष्ण’च्या घराण्यातला, म्हणून कान तिखट असतो, जीभही तिखट असते. आणि मिरचीच्या पुडीला आपण सरळ ‘तिखट’च म्हणतो, म्हणजे इथे तर गुणाने वस्तूचे नावच गिळून टाकले.

ब्याडगीचे काय, असा प्रश्न येईलच. ती रंगाला भारी, तिखटाला हलकी, तरी मिरचीच. पण ‘ब्याडगी’ हा शब्द पुढे लावावाच लागतो, आणि तिखट करताना घरोघर तिच्यात दुसरी झणझणीत मिरची मिसळतात. रंगाचे आणि दाहाचे काम वाटून दिलेले असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणाचे नाव ‘परभणी तेजस’ आहे. वाणाला नाव देणाऱ्यांच्या मनात काय होते ते सोडा, ऐकणाऱ्याला त्यात धगच ऐकू येते.

हिंदीने आणि परभणीच्या गल्ल्यांत मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या दखनीने मिरे आणि मिरची या दोन्ही वस्तूंना एकच ‘मिर्च’ ठेवली आणि मग ‘काली’, ‘हरी’, ‘लाल’ अशी विशेषणे जोडली. मराठीने दोन शब्द ठेवले, त्यामुळे वाक्प्रचारांचीही वाटणी झाली. कोणाला खरे बोललेले लागले तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. ठेंगणी पण तडफदार मुलगी ‘लवंगी मिरची’ होते. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर लाल मिरच्या निखाऱ्यावर टाकतात, आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे मानतात. इथे मिरची खायचीसुद्धा नाही, तिच्याकडून फक्त झोंबण्याचे काम घ्यायचे आहे. मिऱ्याच्या वाट्याला मात्र ‘डोक्यावर मिरे वाटणे’ एवढेच ठळकपणे उरले, तेही वरचढ होण्याच्या अर्थाने. या प्रयोगात मिऱ्यांच्या जागी मिरच्या घालून पाहा. व्याकरण बिघडत नाही, पण कोणी तसे म्हणत नाही. स्वयंपाकातली मिऱ्याची बरीचशी जागा मिरचीने घेतली, रागालोभाची भाषाही पुष्कळशी घेतली. हा एक वाक्प्रचार तिला अजून मिळालेला नाही.