ईटीएफ : आतील माल आणि बाहेरील भाव

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी उभी राहिली की तीत काय आहे, हे पाहणाऱ्यास कळते. भाव मात्र त्या दिवशी बोलीला किती व्यापारी उभे आहेत, यावरही ठरतो. एक्स्चेंज ट्रेडेड फंड, म्हणजेच ईटीएफ, याचेही तसेच आहे. निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या वर्धा जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने 'हा प्रकार सोपा आहे काय?' असे विचारल्यास त्याला म्हणूनच दोन उत्तरे द्यावी लागतील.

आतील माल सोपा आहे. देशातील पहिला ईटीएफ 'निफ्टी बीज' डिसेंबर २००१ मध्ये निघाला. निफ्टी निर्देशांकातील ५० कंपन्यांचे समभाग निर्देशांकातील प्रमाणानुसार बाळगणे, एवढेच त्याचे काम. २००७ मध्ये सोन्याचे ईटीएफ आले. फंडात काय आहे हे जेथे एका वाक्यात सांगता येत नाही, तेथे सामान्य गुंतवणूकदाराने थांबलेलेच बरे.

खरी गुंतागुंत खरेदीत आहे. साध्या म्युच्युअल फंडाचे युनिट दिवसअखेरच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने मिळते. ईटीएफचे युनिट मात्र शेअर बाजारात, दलालामार्फत, दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावे लागते. त्यासाठी डीमॅट खाते हवे. भाव मूल्याच्या फार वर गेल्यास मोठे व्यापारी फंडाकडून नवी युनिटे घेऊन बाजारात विकतात व भाव खाली येतो. हा पुरवठा अडला की तोल बिघडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीची टंचाई झाली, तेव्हा चांदीच्या ईटीएफचे भाव आतील चांदीच्या मूल्यापेक्षा वर गेले होते. १०० रुपयांच्या चांदीसाठी ११० रुपये मोजणाऱ्याचे, चांदी तेवढ्याच दरावर राहूनही, भाव मूल्यावर परतताच १० रुपये जातात. जाहिरातीत ही बाब सहसा ठळक अक्षरांत नसते!

बाजार चालू असताना फंडाचे सूचक मूल्य संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते. बाजारभाव त्याच्याशी ताडून पाहावा व आपला दर नमूद करूनच मागणी नोंदवावी. खरेदीचा व विक्रीचा दर यांत मोठी तफावत असेल, तर त्या ईटीएफमध्ये उलाढाल कमी आहे असे समजावे. गरजेच्या वेळी तेथे योग्य दराने गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

ज्याचे डीमॅट खाते नाही, त्याला त्याच निर्देशांकावरील इंडेक्स फंड अधिक सोयीचा. त्याचा वार्षिक खर्च बहुधा थोडा जास्त असतो. परंतु बोलीच्या भानगडीत पडावे लागत नाही.