जागाच रिकामी झाली नाही

करंजाड्याहून वाशीच्या दिशेने निघालं की सायन-पनवेल महामार्गाला लागून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम दिसतं. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री तिथे भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८.१३. आणि भारताच्या मुख्य संघाकडून सामने? एकही नाही!

असं होऊच कसं शकतं?

१९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर, हॅरिस शील्डमध्ये, सचिन आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. त्यानंतर फलंदाजीला उतरायचा होता तेरा वर्षांचा अमोल. पॅड बांधून बसला तो बसलाच. हा किस्सा मुंबईत इतका उगाळला गेलाय, की अमोलला त्यानंतर बॅट मिळालीच नाही असं एखाद्याला वाटावं. प्रत्यक्षात १९९४मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध, रणजीतल्या पदार्पणातच, त्याने २६० धावा कुटल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो जागतिक उच्चांक २०१८पर्यंत टिकला.

म्हणजे धावांचा प्रश्न नव्हताच. गणित होतं जागांचं. कसोटी संघात मधल्या फळीच्या जागा चारच, तिसऱ्या क्रमांकापासून सहाव्यापर्यंत. सचिन आधीच स्थिरावलेला. १९९६च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड एकाच सामन्यात आले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मण. गांगुलीने २००८मध्ये निवृत्ती घेतली, द्रविड-लक्ष्मणने २०१२मध्ये, सचिनने २०१३मध्ये. अमोलने २०१४मध्ये. जवळपास अख्खी कारकीर्द या चौघांच्या सावलीत गेली! मुंबईला हे दुखणं जुनंच. बिशनसिंग बेदींच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागाही अशीच अडलेली होती, आणि पद्माकर शिवलकर ५८९ बळी घेऊनही कसोटी न खेळताच राहिले.

मला मात्र २६०पेक्षा २००६-०७चा मोसम जास्त थक्क करतो. अमोल कर्णधार होता. मुंबई पहिले तीन सामने हरली. उपांत्य फेरीत बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य, आणि पाच गडी बाद. तरीही मुंबईने तो सामना जिंकला आणि पुढे बंगालला हरवून रणजी करंडकही. २०२५च्या विश्वचषकातही त्याच्या संघाने ओळीने तीन सामने गमावले, तेव्हा ‘आता संपलं’ असं म्हणणाऱ्यांत तो नसणार, असं मी पैजेवर सांगेन. पुढे उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडताना जेमिमा रॉड्रिग्ज १२७वर नाबाद राहिली.

अंतिम सामन्यात तर या जागेचीच गंमत झाली. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, याच नेरूळच्या मैदानावर, सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली. तिच्या जागी आली शफाली वर्मा, जी मूळ संघात नव्हतीच. तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली.