एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मंत्र: ‘स्कायरिम’मधला स्पेलस्वॉर्ड खरोखर कठीण कसा करायचा?

‘स्कायरिम’ खेळणाऱ्यांमध्ये एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय. नवा खेळ सुरू करताना माणूस शपथ घेतो की या वेळी जादूगार व्हायचं, किंवा तलवार आणि जादू दोन्ही वापरायची. वीस-तीस तासांनी पाहावं तर तोच माणूस गुहेच्या अंधारात दबा धरून बसलाय आणि धनुष्यातून बाण सोडतोय. पात्र कोणतंही असो, शेवट ठरलेला.

हा विनोद इतका चालला, कारण तो खरा आहे. त्यात सर्वात जास्त बळी जातो तो ‘स्पेलस्वॉर्ड’ या पात्राचा. स्पेल म्हणजे मंत्र, स्वॉर्ड म्हणजे तलवार. दोन्ही येणारा योद्धा. ऐकायला भारी, पण प्रत्यक्षात एकतर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी त्याची गत होते, नाहीतर तो इतका ताकदवान होतो की खेळणाऱ्याला जांभया येऊ लागतात. मधली अवस्था, जिथे प्रत्येक लढाईत जीव टांगणीला लागतो, ती आपोआप मिळत नाही. ती घडवावी लागते.

ही कल्पना आली कुठून?

तलवार आणि मंत्राची जोडी आपल्याला नवी नाही. हातात धरून चालवायचं ते शस्त्र आणि मंत्राने आवाहन करायचं ते अस्त्र, हा भेद महाभारत ऐकलेल्या कोणालाही ठाऊक असतो. कर्णाला परशुरामांचा शाप होता की नेमक्या गरजेच्या वेळी मंत्र आठवणार नाही. हा शाप पुढे कामाला येणार आहे.

पाश्चात्त्य रोल-प्लेइंग खेळांत ही जोडी अगदी सुरुवातीपासून आहे. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जादूगाराला शस्त्र म्हणून फक्त खंजीर चालत असे. एल्फ जातीच्या पात्राला मात्र योद्धा किंवा जादूगार यांपैकी काहीही होता यायचं, पण एका साहसात एकच. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये स्पेलस्वॉर्ड हा पात्राचा स्वतंत्र वर्गच होता. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये तलवार बाजूला ठेवून मगच मंत्र टाकावा लागे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तलवार हातात असतानाच मंत्र टाकता येऊ लागला. आणि ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेल्या ‘स्कायरिम’ने दोन हात वेगळे केले. उजव्या हातात तलवार, डाव्यात आग, आणि दोन्हींसाठी वेगळं बटण.

म्हणजे स्पेलस्वॉर्डसाठी याहून चांगला खेळ नाही, असं वाटावं. गोची पुढेच आहे.

गणित कुठे बिघडतं?

‘स्कायरिम’मध्ये पात्राकडे तीन साठे असतात: हेल्थ म्हणजे जीव, स्टॅमिना म्हणजे दम आणि मॅजिका म्हणजे मंत्रशक्ती. बहुतेक पात्रांचे तिन्ही साठे १०० पासून सुरू होतात. प्रत्येक लेव्हलला यांपैकी एकच १० ने वाढवता येतो. सरळसोट जादूगार सगळं मॅजिकात ओततो आणि २१ व्या लेव्हलला ३०० वर पोहोचतो. स्पेलस्वॉर्डला तिन्ही हवे असतात, त्यामुळे त्याच लेव्हलला प्रत्येक साठा १६०-१७० च्या आसपास राहतो. त्यात लढाई सुरू असताना मॅजिका भरून येण्याचा वेग एक तृतीयांशावर येतो.

दुसरा घोळ जरा खोल आहे. तलवार पात्राबरोबर वाढते. कौशल्य वाढलं की वार जोरात बसतो, ‘आर्म्समन’ या पर्कच्या पाच पायऱ्या चढल्या की घाव दुप्पट होतो, लोहारकामाने धार आणखी वाढवता येते. मंत्राचं तसं नाही. ‘फायरबोल्ट’ हा मंत्र २५ गुणांचं नुकसान करतो. कौशल्य वाढल्यावर तो स्वस्त होतो, पण त्याची ताकद वाढत नाही. पर्क घेतले तरी वाढ जास्तीत जास्त निम्म्याने, म्हणजे साडेसदतीस. शत्रू मात्र पात्राच्या लेव्हलप्रमाणे तगडे होत जातात. शिवाय मंत्राने शत्रूला हेलपाटून टाकणारा ‘इम्पॅक्ट’ हा पर्क दोन्ही हातांनी मंत्र टाकल्यावरच चालतो. एका हातात तलवार धरली की तो बाद.

मग खेळणारा पळवाट शोधतो आणि खेळ ती देतोही. ‘एन्चांटिंग’ हे कौशल्य १०० पर्यंत नेलं की अंगरखा, शिरस्त्राण, अंगठी आणि गळ्यातला ताईत या चारही वस्तू एका प्रकारच्या मंत्रांचा खर्च प्रत्येकी २५ टक्क्यांनी कमी करतात. चार गुणिले पंचवीस म्हणजे शंभर. मंत्र फुकट! सुरुवातीला कंगाल असलेला स्पेलस्वॉर्ड एका दुपारी अब्जाधीश होतो आणि मॅजिका नावाच्या साठ्याला काही अर्थच उरत नाही.

‘डिफिकल्टी वाढव ना’ हा सल्ला का फसतो?

खेळ सोपा वाटला की पहिला सल्ला हाच मिळतो. ‘स्कायरिम’मध्ये काठिण्याच्या पायऱ्या आहेत आणि ‘लेजेंडरी’ ही सर्वात वरची पायरी २०१३ च्या अपडेटमध्ये आली. तिथे शत्रूचा घाव तिप्पट लागतो आणि पात्राचा घाव एक चतुर्थांश उरतो.

आता हिशोब करून पाहा. फायरबोल्टचे २५ गुण सव्वासहावर येतात, पण मंत्राचा खर्च तेवढाच राहतो. म्हणजे तोच शत्रू मारायला चौपट मॅजिका लागणार. तलवारीचा घावही चतुर्थांश होतो हे खरं, पण साधा वार फुकट असतो. तो शंभर वेळा करता येतो. काठिण्य वाढवल्यावर योद्धा नुसता दमतो, जादूगार दिवाळखोर होतो आणि स्पेलस्वॉर्डचा डावा हात शोभेचा उरतो. मग खेळणारा फुकट मंत्रांच्या पळवाटेकडे वळतो किंवा गुपचूप धनुष्य उचलतो. विनोदाचं मूळ इथे आहे. लपून सोडलेला बाण सुरुवातीपासूनच दुप्पट घाव करतो आणि त्याला मॅजिका लागत नाही.

थोडक्यात, ती पट्टी सरकवल्याने शत्रू चिवट होतो, पण खेळणाऱ्याला नवा विचार करावा लागत नाही. खरं आव्हान हवं असेल तर पात्राच्या दोन हातांना एकमेकांवाचून अडेल अशी रचना करावी लागते. आणि अशा बंधनांना कथेतलं कारण हवं. नुसता ‘मी हे वापरणार नाही’ असा नेम दहाव्या तासाला मोडतो. पात्रच असं असेल की त्याला ते पटणार नाही, तर नेम टिकतो.

एक पात्र घडवून पाहू

या खेळात दहा वंश आहेत. स्पेलस्वॉर्डसाठी बहुतेक जण ब्रेटन निवडतात, कारण त्यांना जन्मतः २५ टक्के जादूरोधक शक्ती असते. आव्हान हवं असणाऱ्याने ती सोय नाकारावी आणि रेडगार्ड घ्यावा. तलवारबाजीत तो पुढे असतो, ‘डिस्ट्रक्शन’ आणि ‘आल्टरेशन’ या जादूंतही त्याला थोडी सुरुवात मिळते, पण शत्रूच्या जादूपासून संरक्षण काहीच नाही.

रेडगार्ड निवडण्याचं खरं कारण त्यांच्या दंतकथेत आहे. त्यांच्या प्राचीन तलवार-साधकांना ‘अन्सेई’ म्हणत. साधनेच्या बळावर ते मनातून तलवार साकारत, तिचं नाव ‘शेहाय’. ही विद्या आता जवळपास लोपली आहे. गंमत म्हणजे याच समाजाला भूत-पिशाच्चांना पाचारण करणाऱ्या जादूचा तिटकारा आहे. आणि ‘स्कायरिम’मध्ये हवेतून तलवार काढण्याचा जो ‘बाउंड स्वॉर्ड’ मंत्र आहे, तो नेमका त्याच ‘कॉन्ज्युरेशन’ जादूतला!

इथे पात्र उभं राहतं. शेहायच्या वेडाने घर सोडलेला एक रेडगार्ड. साधना जमली नाही, म्हणून त्याने आपल्या लोकांनी निषिद्ध मानलेला जवळचा रस्ता धरला. त्याला खरी लोखंडी तलवार नकोशी वाटते, कारण ती हातात घेणं म्हणजे हार मानणं. चिलखत तो घालत नाही. लोहारकाम आणि एन्चांटिंग वर्ज्य, सोबतीला कोणी नाही, धनुष्य तर नाहीच. मंत्राचं पुस्तक हाती लागेपर्यंत साधी तलवार चालेल, नंतर ती विकून टाकायची.

हे बंधन खेळात काय करतं? बाउंड स्वॉर्ड १२० सेकंद टिकते आणि म्यान केली की नाहीशी होते. तिला धार लावता येत नाही, तिच्यावर दुसरा मंत्र चढवता येत नाही. मुळात तिचा घाव ९, पण ‘मिस्टिक बाइंडिंग’ हा पर्क घेतला की १४, म्हणजे धार न लावलेल्या डेड्रिक तलवारीइतका. त्यामुळे ती दुबळी नाही, पण ती मॅजिका खाते. अंगावर चिलखत नसल्याने संरक्षणही मंत्रातूनच येणार. ‘ओकफ्लेश’ त्वचा ६० सेकंद कठीण करतो, आणि ‘मेज आर्मर’ पर्क असेल तर चिलखत न घालणाऱ्याला त्याचा दुप्पट ते तिप्पट लाभ होतो. पण सुरुवातीच्या १०० मॅजिकात ओकफ्लेश आणि तलवार एकापाठोपाठ बसतच नाहीत. आधी काय? अंग वाचवायचं की हात भरायचा? दाराआड शत्रूची चाहूल लागली की हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. शत्रू दिसायच्या आधी मंत्र टाकावा, तर घड्याळ चालू होतं. उशीर केला तर रिकाम्या हाताने सामना.

आणि मॅजिका लढाईच्या मध्यात संपली की कर्णाची अवस्था. तलवार विरून जाते, मंत्र आठवूनही उपयोग नसतो, समोर कुऱ्हाड उगारलेली असते. बाकीच्यांना जो शाप वाटेल, तोच या पात्राचा कणा आहे.

डाव्या हातासाठी विचार करून एखाद-दुसराच मंत्र ठेवावा. बर्फाचा मंत्र कागदावर उत्तम: शत्रू मंदावतो, त्याचा दमही जातो, मग जोरदार वार त्याला जमत नाही. पण हा खेळ घडतो नॉर्ड लोकांच्या थंड मुलुखात. नॉर्ड आणि थडग्यांतले ड्रॉगर, दोघेही निम्मा बर्फ अंगावर झेलतात. सुरुवातीच्या ‘ब्लीक फॉल्स बॅरो’च्या थडग्यातच ते कळून चुकतं. आग तिथे अधिक कामाची. विजेचा मंत्र समोरच्या जादूगाराची मॅजिका जाळतो, म्हणून तोही जवळ हवा.

या सगळ्यात सर्वात देखणा सांधा मात्र एका दुर्लक्षित पर्कचा आहे. ‘रेस्टोरेशन’ कौशल्य ४० झालं की ‘रेस्पाइट’ मिळतो. त्यानंतर जखम भरण्याचा मंत्र टाकला की स्टॅमिनाही भरते. म्हणजे डावा हात मंत्र म्हणतो आणि उजव्या हाताच्या पुढच्या जोरदार वाराला दम मिळतो. दोन हात खऱ्या अर्थाने एकमेकांना धरून चालतात ते इथून.

काठिण्याची पट्टी ‘अडेप्ट’ या मधल्या पायरीवर किंवा फार तर तिच्या वरच्या ‘एक्स्पर्ट’वर ठेवावी. एक्स्पर्टवर पात्राचा घाव पाऊणपट आणि शत्रूचा दीडपट होतो, इतकं पुरे. अ‍ॅनिव्हर्सरी आवृत्ती असेल तर ‘सर्व्हायव्हल मोड’ जरूर सुरू करावा. त्यात थंडीने जीव, भुकेने दम आणि थकव्याने मॅजिकाचा साठा आटतो. कापडी झग्यात बर्फाळ डोंगर चढणाऱ्या, झोप न झालेल्या या माणसाला तलवार काढणंसुद्धा जड जातं.

उरतो ड्रॅगन. या रचनेची उघडी बाजू तीच. तो आकाशात घिरट्या घालतो आणि खाली १२० सेकंदांची तलवार वाया जात राहते. कथेत पुढे ‘ड्रॅगनरेंड’ ही गर्जना मिळते, तिने तो जमिनीवर उतरतो आणि गर्जनेला मॅजिका लागत नाही. तोवर या रेडगार्डकडे उपाय एकच: खडकाआड उभं राहायचं, वरून विजेचे मंत्र टाकत मॅजिका मोजायची आणि ड्रॅगन स्वतःहून टेकेल त्या क्षणी एका तलवारीपुरती शिल्लक हातात ठेवायची.