जखमेवरचं केळीचं पान

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच्या बागेतून फिरताना माणसाचं लक्ष घडाकडे असतं. घडाचं वजन, फण्यांची संख्या, भाव किती आणि गाडी कधी लागणार, हीच चर्चा. पानाला तिथे फारसं मोल नसतं. करपा रोग दिसला की ते कापून बागेबाहेर नेतात, घड उतरवल्यावर खोडाबरोबर जमिनीत जातं, लग्नसराईत थोडं पंगतीला लागतं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही फळासाठी. पण याच पानाने मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात जे काम केलं, ते खानदेशातल्या घराघरांत माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आणि त्याची न भरणारी जखम प्रत्येक गावात आहे.

अशा माणसाची त्वचा आधी समजून घेऊ. वयाबरोबर कातडी पातळ होते, तिच्या दोन थरांची एकमेकांवरची पकड ढिली होते आणि खालची चरबी झडते. कुशीवर वळवताना चादर ओढली गेली तरी ती सोलली जाते. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस असं उरलेलंच नसतं. तासन्‌तास एकाच कुशीवर पडल्यावर तिथला रक्तपुरवठा दाबला जातो, आतलं मांस मरतं आणि वर लालसर डाग दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. मग रोजचं ड्रेसिंग सुरू होतं. कोरडा गॉझ जखमेला चिकटतो. दुसऱ्या दिवशी सिस्टर तो ओढून काढतात तेव्हा नव्याने धरू लागलेली नाजूक कातडी त्याच्याबरोबर निघते, रक्त येतं, म्हातारी कळवळते. जखम भरायला घातलेली पट्टीच जखम उघडत राहते. त्यावर रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, तर फेस पाहून घरच्यांना जखम साफ झाल्याचं समाधान मिळतं. पण ते जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही मारतं.

जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरू द्यावी, हा समज जगभर फार काळ टिकला. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने धरली. खपलीखाली सरकणाऱ्या पेशींना कोरड्या थराच्या खालून वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ पुढे जातात. पुढे परदेशात ओलावा राखणाऱ्या महागड्या पट्ट्यांचा मोठा बाजार याच शोधावर उभा राहिला. सरकारी दवाखान्यातल्या रुग्णाला त्या परवडत नव्हत्या.

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉ. मनोहर केसवानी यांनी बटाट्याची साल घेतली. गॉझवर साल चिकटवून, वाफवून त्याची पट्टी केली. भाजल्यावरच्या जखमांसाठी ती कशी वापरावी, हे त्यांनी 1985 मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात मांडलं. साल जंतू मारत नाही, पण जखम कोरडी होऊ देत नाही आणि काढताना ओरबाडत नाही. अडचण मेहनतीची: पट्टीभर साली गोळा करायच्या, एकेक चिकटवायच्या.

इथे केळीचं पान आलं. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातल्या शल्यचिकित्सक डॉ. माधुरी गोरे आणि त्यांचे सहकारी अकोलेकर यांचे दोन निबंध 2003 मध्ये त्याच नियतकालिकात आले. एक भाजलेल्या जखमांवरचा. दुसरा, रोपणासाठी मांडीवरून कातडी काढतात त्या जागेवरचा. पान धुवायचं, पट्टीच्या कापडावर बसवायचं, गुंडाळी करून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं. बस. पानाच्या मेणचट पृष्ठभागामुळे ते जखमेला चिकटत नाही. व्हॅसलीन गॉझच्या तुलनेत पट्टी काढताना रुग्णाला कमी दुखलं. बटाट्याच्या सालीइतकंच ते उपयोगी ठरलं, आणि खर्चात तिच्याहून कितीतरी स्वस्त. एका पानात माणसाची सगळी पाठ झाकते. सालीत हे शक्य नव्हतं.

त्वचारोगाच्या वॉर्डात तर पानाचा वापर याहून धाडसी आहे. पेम्फिगस नावाच्या आजारात अंगभर फोड येतात आणि कातडी सालीसारखी निघते. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेनेही कधी कधी असंच होतं. असा रुग्ण सुती चादरीवर झोपला तर चादर अंगाला चिकटते आणि कूस बदलणं ही शिक्षा होते. भारतातल्या अनेक रुग्णालयांत अशा रुग्णाला केळीच्या पानांवर झोपवतात. पान थंड लागतं, रोज बदलता येतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या भागात या थंडाव्याला फार किंमत आहे.

पानाने जखम झाकण्याची कल्पना आपल्याकडे नवीही नाही. सुश्रुताने व्रणासाठी सांगितलेल्या साठ उपक्रमांत 'पत्रदान' हा एक स्वतंत्र उपक्रम आहे: औषधाचा लेप लावल्यावर त्यावर योग्य झाडाचं पान ठेवणं. याने आजच्या पट्टीचा पुरावा सिद्ध होत नाही. पण लेपाइतकाच लेपावरच्या आवरणाचा विचार कुणीतरी फार पूर्वी केला होता, हे मोलाचं आहे.

आता सावधपणे बोलायची जागा. सायनचे प्रयोग ताज्या जखमांवर झाले. भाजलेली किंवा कातडी काढलेली जागा खालून निरोगी असते, तिला फक्त संरक्षण हवं असतं. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचं मूळ खाली असतं. मधाचं उदाहरण घ्या. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये भाजलेल्या 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझीनचं पांढरं मलम. मध लावलेल्या जखमांपैकी 91 टक्के सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात फक्त 7 टक्के. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचा हा अभ्यास जगभर वाचला गेला. नंतरच्या आढाव्यांनी मात्र नोंदवलं की भाजण्यावरचे मधाचे बरेच प्रयोग एकाच केंद्रातले आहेत, इतरत्र ते व्हायला हवेत. पुढे न्यूझीलंडमध्ये पायाच्या शिरांमुळे झालेल्या जुनाट जखमा असलेल्या 368 रुग्णांवर मधाची परीक्षा झाली. बारा आठवड्यांनंतर मध लावलेल्यांना खात्रीलायक जास्त फायदा दिसला नाही, दुखणं मात्र वाढलं. दोन्ही गटांना पायावर घट्ट दाबपट्टी होतीच, आणि शिरांच्या जखमेवर खरा उपाय तोच आहे.

म्हणून शय्याव्रणावर, म्हणजे पडून राहिल्याने झालेल्या जखमेवर, पान ठेवून कूस बदलली नाही तर पानाचा काही उपयोग नाही. साधारण दर दोन तासांनी वळवणं, टाचा गादीला टेकू न देणं, ताटात डाळ, अंडं, दूध, आणि साखर आटोक्यात ठेवणं: जखम यातून भरते. मधुमेहाच्या तळपायाच्या जखमेवरचा भार कमी करावा लागतो. पायाची नाडी लागत नसेल तर आधी डॉक्टर, मग पट्टी. तोंडाच्या कर्करोगाने गालाला पडलेलं भोक कुठल्याच पट्टीने भरणार नाही. पण त्याचा वास मेट्रोनिडॅझोल जखमेवर लावून कमी करता येतो, आणि मग नातवंडं पुन्हा आजोबांजवळ बसतात. हेही उपचारच आहेत आणि अनेक घरांना ते कुणी सांगितलेलेच नसतात.

पानाबद्दल खानदेशी वाचकाला आणखी एक सांगायला हवं, आणि ते मुंबईच्या निबंधांत शोधून उपयोग नाही. आपल्या बागांवर करप्यासाठी मॅन्कोझेब, प्रोपिकोनॅझोल, सोबत खनिज तेल फवारतात. खनिज तेलामुळे औषध पानाला धरून राहतं, त्यामुळे नळाखाली धुतल्याने ते सगळं जाईल असं गृहीत धरू नये. बागेतलं पान तोडून थेट उघड्या जखमेवर ठेवू नका. परसातल्या, कधीही न फवारलेल्या केळीचं पानही वाफवून निर्जंतुक केल्याशिवाय जखमेवर नको, आणि घरच्या कुकरला ऑटोक्लेव्ह समजू नका. पट्टी लावणं हे दवाखान्याचं काम आहे. घरी, न फवारलेलं पान स्वच्छ धुऊन, कातडी शाबूत असलेल्या पाठीखाली अंथरायला हरकत नाही, मात्र शिरेचा कडक दांडा आधी काढून टाकावा, नाहीतर तोच रुतेल.

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा प्रयोग करायला काय लागेल? न फवारलेल्या केळीच्या बागेचा एक छोटा तुकडा, रुग्णालयात आधीच असलेला ऑटोक्लेव्ह, रुग्णांची लेखी संमती, आणि पट्टी काढताना किती दुखलं हे रोज विचारून लिहून ठेवणारी एक सिस्टर. शय्याव्रण असलेल्या साठीच्या पुढच्या रुग्णांचे दोन गट, एकाला नेहमीचा गॉझ, दुसऱ्याला पान, दोघांचीही कूस सारखीच बदललेली. सायनच्या प्रयोगाला वीस वर्षं उलटली. म्हाताऱ्या कातडीवर पान कसं वागतं, हे तपासायला जळगाव-धुळ्याइतकी सोयीची जागा दुसरी कुठली, ते मला तरी सुचत नाही.