घसादुखी : साध्या दुखण्याचे अर्थशास्त्र

घसा दुखणे हे सहसा कोणी आजार म्हणून मोजत नाही. पावसाळ्याची चाहूल लागली किंवा थंडीने जोर धरला की प्रत्येक घरात कोणाचा तरी घसा खवखवू लागतो, दोन-चार दिवस गुळण्या होतात आणि घटना विस्मरणात जाते. छत्तीसगढची राजधानी रायपूर याला अपवाद नाही. मात्र या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याभोवती कुटुंबाचा खर्च, औषधांची बाजारपेठ आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची गुणवत्ता हे तिन्ही प्रश्न एकवटलेले आहेत. म्हणूनच वैद्यकशास्त्राइतकाच तो अर्थशास्त्राच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

आपल्या देशात घसादुखीच्या बाबतीत परस्परविरोधी अशा दोन चुका एकाच वेळी घडतात. ज्या बहुसंख्य रुग्णांना प्रतिजैविकांची गरज नसते त्यांना ती सर्रास दिली जातात. ज्या थोड्या मुलांना पेनिसिलिनची नितांत गरज असते त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. घराजवळ विश्वासाने सल्ला देणारी, घसा तपासणारी आणि योग्य वेळी पुढे पाठवणारी व्यवस्था पुरेशी सक्षम नाही. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार केला आहे.

घसा का दुखतो?

घसादुखीची बहुतेक कारणे विषाणूजन्य असतात. सर्दी, फ्लू, कोविड यांसारख्या संसर्गात नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे घसादुखीच्या जोडीने येतात. विषाणूंवर प्रतिजैविकांचा कोणताही परिणाम होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच हा आजार बरा करते.

जीवाणूजन्य घसादुखीत सर्वांत महत्त्वाचा जीवाणू म्हणजे 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. घसादुखीच्या तक्रारी असलेल्या मुलांपैकी साधारणतः २० ते ३० टक्के, तर प्रौढांपैकी ५ ते १५ टक्के रुग्णांमध्ये तो आढळतो. ताप, टॉन्सिलवर पांढरट थर किंवा पू, मानेच्या पुढील बाजूस दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही चार लक्षणे एकत्र दिसल्यास या जीवाणूची शक्यता वाढते. १९८१ मध्ये मांडलेला हा चार लक्षणांचा निकष आजही जगभर वापरला जातो. त्यासाठी लागते ते एक विजेरी, एक चमचा आणि प्रशिक्षित नजर. निश्चित निदान मात्र घशातील स्रावाच्या तपासणीनेच होते.

रायपूरची हवा, चूल आणि गुडाखू

प्रत्येक घसादुखी संसर्गजन्य नसते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांतील पोलाद व स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे रायपूर परिसरात धूळ व धुराचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश भिलाई व कोरबा यांच्यासह करण्यात आला. धुळीने कोरडा पडलेला घसा वारंवार खवखवतो. लाकूड किंवा शेणी जाळणाऱ्या चुलीजवळ तासन्‌तास बसणाऱ्या स्त्रियांना हाच अनुभव येतो. २०१६ मध्ये आरंभलेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी अनेक घरांत पोहोचवली. मात्र सिलिंडर पुन्हा भरून घेण्याची ऐपत नसेल तर चूल पुन्हा पेटते.

तंबाखूचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात २८.६ टक्के, तर छत्तीसगढमध्ये ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. दातांना लावण्याची गुडाखू ही तंबाखू व गुळापासून बनवलेली लुकण या प्रदेशात स्त्री-पुरुष दोघेही वापरतात. अशा व्यक्तीचा घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ दुखत राहिला, आवाज बदलला किंवा गिळताना अडथळा जाणवला, तर ते दुखणे घरगुती उपायांवर सोडता येणार नाही. कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी तपासणी आवश्यक ठरते.

घरगुती उपाय आणि धोक्याची चिन्हे

साध्या घसादुखीवरील उपाय स्वस्त आहेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्याने सूज व वेदना कमी जाणवतात. भरपूर पाणी, पेज, वरणाचे पाणी किंवा सूप यांसारखे कोमट द्रवपदार्थ घ्यावेत. हळद घातलेले दूध, ज्येष्ठमधाची काडी, तुळस-आल्याचा काढा हे आपल्या घरांतील परिचित उपचार घशाला आराम देतात, हाच त्यांचा उपयोग. जीवाणूवरील औषधाची जागा ते घेऊ शकत नाहीत. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कदापि देऊ नये. ताप व वेदनांसाठी वय आणि वजनानुसार पॅरासिटॅमॉल पुरेसे असते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

काही चिन्हे दिसताच मात्र रुग्णालय गाठले पाहिजे. श्वास घेताना त्रास किंवा घरघर, स्वतःची लाळही गिळता न येणे, तोंड उघडता न येणे, मान ताठरणे अथवा मानेवर मोठी सूज, अंगावर पुरळ ही ती चिन्हे होत. तीन दिवसांनंतरही ताप न उतरल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. घशात करड्या रंगाचा चिवट पडदा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी लागते. हा प्राणघातक आजार लसीने टाळता येतो. दीड वर्षाच्या आसपास व पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आणि १० व १६ व्या वर्षी टीडी लस देण्याची तरतूद राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे. शाळकरी वयातील मात्रा अनेकदा राहून जातात, याची पालकांनी नोंद घ्यावी.

घशापासून हृदयापर्यंत

स्ट्रेप्टोकॉकसची घसादुखी बहुतेक मुलांमध्ये आपोआप थांबते. परंतु काही मुलांमध्ये, विशेषतः ५ ते १५ वर्षे वयोगटात, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि ताप येतो. जीवाणूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर आघात करते. यालाच र्‍हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहू शकते. पुन्हा पुन्हा संसर्ग झाल्यास ती वाढत जाते आणि ऐन तारुण्यात धाप लागणे, गर्भारपणात जीव धोक्यात येणे असे परिणाम दिसतात. जगात चार कोटींहून अधिक लोक या हृदयविकाराने ग्रस्त आहेत. दाटीची वस्ती, कोंदट घरे आणि उपचारांतील विलंब ही त्याची पोषक परिस्थिती असल्याने तो प्रामुख्याने गरिबांचा आजार राहिला आहे.

हा आजार टाळता येतो, हे १९५० पासून ज्ञात आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या एका हवाई तळावर घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिन दिल्यावर र्‍हुमॅटिक तापाचे प्रमाण झपाट्याने घटल्याचे तेव्हा सिद्ध झाले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य उपचार सुरू झाला तरी संरक्षण मिळते. क्युबातील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दशकात प्राथमिक आरोग्यसेवेमार्फत शिक्षण, लवकर उपचार आणि नोंदणी यांचा एकत्रित कार्यक्रम राबवला गेला. शाळकरी मुलांतील र्‍हुमॅटिक हृदयविकाराचे प्रमाण दर हजारी २.२७ वरून ०.२४ वर आले. त्यासाठी कोणत्याही महागड्या यंत्रसामग्रीची गरज भासली नाही.

आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील तपासणीसाठी निवडलेल्या आजारांत र्‍हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. तथापि, आपल्या वित्तव्यवस्थेतील एक विसंगती येथे ठळकपणे दिसते. २०१८ मध्ये आरंभलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. झडपेची शस्त्रक्रिया त्यात येते. बाह्यरुग्ण विभागात घसा दाखवण्याचा खर्च येत नाही. रोगाच्या शेवटच्या टप्प्यावर विमा आहे, पहिल्या टप्प्यावर कुटुंब एकटे आहे.

अनावश्यक गोळीची किंमत

आता दुसरी बाजू पाहू. वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या निष्कर्षानुसार प्रतिजैविके न घेताही सुमारे ८२ टक्के रुग्णांची घसादुखी एका आठवड्यात थांबते. प्रतिजैविकांमुळे हा काळ सरासरी केवळ १६ तासांनी कमी होतो. तरीही दुकानदाराकडून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेण्याची प्रथा रुजली आहे. यामागे केवळ अज्ञान आहे असे मानणे योग्य होणार नाही. सरकारी दवाखान्यात रांग लावायची तर मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. दुकानातील गोळी त्या मानाने स्वस्त पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा आपोआप बरा होतो आणि श्रेय मात्र गोळीला जाते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजारातील माहितीची असमानता विशद केली होती. ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत हे पारखता येत नाही, आणि विक्रेत्याचे हित विक्रीत असते.

या व्यवहारात गोळीची खरी किंमत मात्र तिसऱ्यालाच मोजावी लागते. प्रत्येक अनावश्यक मात्रेबरोबर औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढतात. २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट अशा जीवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. भारताने २०१४ मध्ये अनुसूची एच-१ लागू करून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले आणि २०१६ मध्ये औषधाच्या वेष्टनावरील लाल रेषेची मोहीम हाती घेतली. नियम आवश्यक आहेत. परंतु पर्यायी सल्ला जवळपास मिळत नसेल तर ते कागदावरच राहतात.

स्वस्त औषधाची दुर्मिळता

लक्षणीय बाब अशी की, आठ दशकांच्या वापरानंतरही 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनला बळी पडतो. ॲझिथ्रोमायसिनला मात्र त्याचा प्रतिरोध निर्माण झाल्याचे अनेक देशांत आढळले आहे. म्हणजे जुने, स्वस्त औषध अधिक भरवशाचे आहे. पण स्वस्त असणे हाच त्याचा दोष ठरला. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलिन पुरवले. पुढे आयातीच्या स्पर्धेत कच्च्या पेनिसिलिनचे देशी उत्पादन थांबले. नफा अल्प असल्याने इंजेक्शनच्या पुरवठ्यात टंचाई वारंवार जाणवू लागली. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिनसह काही अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवण्यास अनुमती दिली, ती या औषधांचा पुरवठा टिकावा म्हणूनच. २०२० च्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जी चा अंतर्भाव करण्यामागेही हाच हेतू होता. अत्यल्प किंमत आणि उपलब्धता यांतील हा तोल सार्वजनिक खरेदीच्या धोरणात नेहमीच जपावा लागतो.

मितानीनचा अनुभव

छत्तीसगढकडे या प्रश्नाचे उत्तर देण्याची सामग्री आहे. येथील लोकजीवनात जातीपातीपलीकडे जाऊन आयुष्यभराचे मैत्र जोडण्याची 'मितान' परंपरा आहे. २००२ मध्ये राज्याने गावोगावच्या स्त्रियांमधून आरोग्य कार्यकर्त्या निवडल्या तेव्हा त्यांना 'मितानीन' हे नाव दिले. २००५ मध्ये देशभर आलेल्या 'आशा' कार्यकर्त्यांच्या योजनेला या अनुभवाचा आधार मिळाला. पहिले आरोग्य व स्वास्थ्य केंद्रही १४ एप्रिल २०१८ रोजी याच राज्यातील बिजापूर जिल्ह्यात जांगला येथे सुरू झाले. आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रांच्या सेवांमध्ये कान, नाक व घशाच्या सामान्य आजारांचा समावेश आहे.

रायपूरच्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत या दोन दुव्यांची सांगड घालणे शक्य आहे. मितानीनने घरी गुळण्यांचा व द्रवपदार्थांचा सल्ला द्यावा, धोक्याची चिन्हे ओळखावीत आणि खोकल्याशिवाय ताप व घसादुखी असलेल्या मुलाला केंद्रात पाठवावे. केंद्रात घसा तपासून, गरज असेल तरच पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन पूर्ण मुदतीसाठी दिले जावे. ज्यांना पूर्वी र्‍हुमॅटिक ताप येऊन गेला आहे त्यांची नोंदवही ठेवून दर तीन-चार आठवड्यांचे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकणार नाही हे पाहावे. सांध्यांची सूज, धाप किंवा हृदयाचा असामान्य आवाज आढळल्यास मुलाला रायपूरचे आंबेडकर रुग्णालय किंवा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे पाठवता येईल.

समारोप

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती निश्चितच आश्वासक आहे. उरलेला भार हलका करायचा असेल तर मोठ्या रुग्णालयांइतकेच लक्ष पहिल्या पायरीकडे द्यावे लागेल. कारण जो खर्च विमा भरून देत नाही, ज्यासाठी मजुरी बुडते आणि जो प्रत्येक हंगामात परत येतो, तो याच पायरीवर होतो. गावातच मुलाचा घसा नीट पाहिला गेला, तर अनेक घरांतील गोळ्यांचा खर्च वाचेल, आणि काही मोजक्या घरांतील मुलांचे हृदय वाचेल. सार्वजनिक निधीच्या विनियोगाचे याहून किफायतशीर उदाहरण सहजासहजी सापडणार नाही.