पोट भरलेलं दिसतं, पण

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात जिताडा माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, खाडीतून पकडून तळ्यात सोडायची जुनी रीत. ते बीज हॅचरीत तयार करायला शिकायचं म्हणून मी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेलो.

पहाटेचं पहिलं काम मोजणीचं. पिल्लांचं खाद्य असलेल्या रोटिफर या सूक्ष्म जीवांच्या टाकीतलं एक मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात ल्युगॉलचा, म्हणजे आयोडीनचा, तपकिरी थेंब सोडायचा. वळवळणारे रोटिफर जागीच थांबतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीचौकटीनं मोजायचे.

अंड्यातून निघालेलं जिताड्याचं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं. पहिले दोनेक दिवस ते बलकावर जगतं. त्या शिदोरीत आईकडून आलेलं थायरॉइडचं संप्रेरकही असतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडून रोटिफर खाऊ लागतं, तोवर शिदोरी संपत आलेली. पुढचं संप्रेरक त्याचं त्यालाच घडवायचं असतं.

त्या संप्रेरकाच्या, म्हणजे थायरॉक्सिनच्या, एका रेणूत आयोडीनचे 4 अणू. त्यातला नेमका एक काढला की जास्त प्रभावी टी-3 तयार होतं, आणि तो अणू काढणाऱ्या विकराला सेलेनियम लागतं. समुद्रात पिल्लं कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव खातात, त्यांच्यात ही दोन्ही खनिजं असतात. टाकीत वाढवलेल्या रोटिफरमध्ये ती कितीतरी पटींनी कमी. तेच पाणी फिरवून वापरणाऱ्या टाक्यांत सेनेगल सोल या माशाच्या पिल्लांना गलगंड झाल्याचं नोंदलं गेलं आहे. खाद्यात आयोडीन वाढवल्यावर तो टळला.

एकदा पिल्लूच भिंगाखाली धरलं. अंग काचेसारखं, आतड्यात रोटिफर दाटलेले. पोट भरलेलं स्पष्ट दिसत होतं. त्या घासांत आयोडीन किती, हे मात्र कुठल्याच भिंगातून दिसत नाही.

म्हणून रोटिफर आधी स्वतः जेवतात. वेगळ्या टाकीत त्यांना काही तास तेलाचं मिश्रण आणि खनिजं देतात. सेलेनियम तोलताना हात फार जपावा लागतो. गरज आणि विष यांत अंतर थोडं. मग बारीक जाळीत गाळायचे, धुवायचे आणि लगेच पिल्लांना द्यायचे. उशीर झाला तर घेतलेलं निघून जातं.

खाडीतल्या बीजाला हे सारं समुद्रानं न मागता दिलेलं असायचं. हॅचरीतल्या पिल्लाला ते आपणच द्यायचं आहे. म्हणून सकाळच्या वहीत रोटिफरच्या आकड्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला: आज त्यांना काय खाऊ घातलं.